पडद्यावरचे ब्रदर: हुकलेला डॉक्टर, नाजूकराव, पहिलवान नाहीतर थेट खुनी

रात्रपाळी (धागाकर्ता)

इंग्रजी सिनेमा-मालिकावाल्यांकडे पुरुष नर्ससाठी चारच साचे आहेत असं माझं मत झालंय. एक, डॉक्टर व्हायला निघालेला पण हुकलेला. दुसरा नाजूक, लाडिक बोलणारा, ज्याची पाठ वळली की बाकीची पात्रं एकमेकांना डोळे मारतात. तिसरा मनोरुग्णालयातला धिप्पाड गडी, ज्याचं सगळं नर्सिंग पेशंटचे हात पिरगाळण्यात संपतं. आणि ओटीटी आल्यापासून जोरात असलेला चौथा: गोड हसून सलाईनमध्ये काहीतरी सोडणारा. मी स्वतः आयसीयूत स्टाफ नर्स आहे, वॉर्डात सगळे ब्रदर म्हणतात, त्यामुळे हे मला जरा जास्त खुपत असेलही.

सगळ्यात गाजलेला नमुना म्हणजे ‘मीट द पेरेंट्स’ (२०००). बेन स्टिलरचा ग्रेग शिकागोत नर्स आहे आणि मैत्रिणीच्या आईवडलांना पहिल्यांदा भेटायला जातो. होणारा सासरा रॉबर्ट डी नीरो, सीआयएतून निवृत्त. त्यातली एक जागा मला फार बोलकी वाटते. मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न ठरलेलं, तो मुलगा डॉक्टर, त्याचा बापही डॉक्टर. ग्रेगपण मेडिकलमध्येच आहे म्हटल्यावर विचारणा होते, कुठल्या शाखेत? तो म्हणतो नर्सिंग. मंडळी हसतात. त्यांना वाटतं पोरगा गमत्या आहे. नाही, खरंच कशात? पुन्हा तेच उत्तर.

इथपर्यंत सिनेमा ग्रेगच्या बाजूने आहे, हसं त्या डॉक्टरांचं होतंय. पण लगेच माहिती पुरवली जाते की त्याने मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत झकास मार्क मिळवले होते, नर्सिंग त्याने आवडीने घेतलं. पुढे सासरेबुवा ती परीक्षा याने खरंच दिली होती का, याचाही तपास काढतात! म्हणजे या माणसाची पत शेवटी कशावर ठरणार, तर तो डॉक्टर होऊ शकला असता का यावर. वॉर्डात तो काय करतो, त्याच्या हाताखाली पेशंट सुधारतात का, हे कोणी विचारतच नाही. वर त्याचं खरं नाव गेलॉर्ड निघतं, ‘गे’वर कोटी करायला आयतंच, म्हणजे दुसऱ्या साच्याचीही सोय झाली.

तुम्हाला आठवणारी उदाहरणं लिहा. चांगली असतील तर आणखी उत्तम.

खडूस

विनोदी सिनेमा आहे राव, विनोदी म्हणून बघा. वकील लबाड, हवालदार ढेरपोट्या, मास्तर विसरभोळा, आयटीवाला बायकोला घाबरणारा. सगळ्यांची टर उडवतात. नर्स लोकांनाच एवढं का झोंबतं?

रात्रपाळी

@खडूस, वकिलावर विनोद होतो तो त्याच्या लबाडीवर. हवालदारावर होतो तो चिरीमिरीवर. म्हणजे काम वाईट करतो म्हणून. ग्रेग कामात कच्चा आहे असं त्या सिनेमात कुठेच नाही. तो ते काम करतो हाच विनोद. ‘वकील वकिली करतो, हाहाहा’ असं कधी ऐकलंय?

माऊ

मुद्दा पटला. ‘फ्रेंड्स’मधला सँडी आठवा. तो नर्स नाही, बाळ सांभाळायला ठेवलेला मुलगा, पण जातकुळी तीच. २००२ चा भाग आहे. बाळ त्याच्याकडे शांत राहतं, कामात तो चोख, तरी बाळाचा बाप रॉस याच्या पोटात दुखतं. सरळ विचारतो तू गे आहेस का म्हणून. आणि शेवटी काढूनच टाकतो बिचाऱ्याला. कॉलेजात असताना आम्ही यावर लोळून हसलो होतो.

त्याच सुमाराचं ‘स्क्रब्ज’. एलियट नावाची डॉक्टर एका नर्सच्या प्रेमात पडते. ही बाई स्वतः ‘मुलगी आणि डॉक्टर?’ छापाचे टोमणे खाऊन वर आलेली, पण आपला मित्र नर्स आहे हे सांगायची वेळ आली की हिची जीभ अडखळते. तिथे निदान लेखकांनी लाज एलियटच्या पदरात घातलीय. नर्स गडी मस्त दाखवलाय, देखणा आणि कामात वाकबगार.

गे असणं ही शिवी नाही हे धाग्यात कुणीतरी म्हणायला हवं, म्हणून मीच म्हणते. ‘नर्स जॅकी’मध्ये दोन पुरुष नर्स गे आहेत आणि दोघंही माणसं म्हणून लिहिलेली आहेत. त्रास होतो तो ‘नर्स आहे म्हणजे असणारच’ या हिशोबाचा.

इन्चार्ज_सिस्टर

मी सरकारी रुग्णालयातून सिस्टर इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. धागा आवडला, पण रात्रपाळी भाऊ, थोडं बोचेल असं लिहिते.

तुमची टिंगल होते ती तुम्ही पुरुष आहात म्हणून नाही. तुम्ही बायकांचं काम करता म्हणून होते. म्हणजे मुळात हलकं कोण ठरलं? आम्ही. आमच्या वाट्याला पडद्यावर दोनच गोष्टी: एक तर मेणबत्ती घेतलेली देवी, नाहीतर आखूड फ्रॉकमधली बाई जिच्याकडे बघून म्हातारा पेशंट लगेच बरा होतो. तिसरी आली तर ती खाष्ट मेट्रन. तुमच्यावरच्या विनोदाचं मूळ तिथे आहे. सिस्टरचं काम डोक्याचं आहे हे लोकांनी मान्य केलं असतं तर ते पुरुषाने केल्यावर हसायचं कारणच उरलं नसतं.

आणि प्रत्यक्ष वॉर्डात काय होतं तेही सांगते. नवीन ब्रदर जॉईन झाला, जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) सर्टिफिकेटची शाई वाळायची आहे. राऊंडला माझ्या शेजारी उभा. नातेवाईक येणार, त्याला म्हणणार, “डॉक्टरसाहेब, पेशंट कसा आहे?” आणि माझ्याकडे वळून, “सिस्टर, जरा बेडपॅन द्या.” तो पोरगा लाजायचा. काही लाजायचे नाहीत, छातीत हवा भरून माहिती द्यायचे. तेही बघितलंय.

चौकस

@इन्चार्ज_सिस्टर, या प्रकाराला समाजशास्त्रात नाव आहे. क्रिस्टीन विल्यम्स या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९२ मध्ये ‘काचेचा सरकता जिना’ अशी कल्पना मांडली. नर्सिंग, ग्रंथालयं, प्राथमिक शाळा अशा बायकांच्या मानलेल्या क्षेत्रांत पुरुष गेला की त्याला आतून अडथळे कमी येतात, उलट न मागता वर ढकललं जातं. पेशंटजवळचं काम सोडून लवकर सुपरवायझर. त्याला टोचणी लागते ती बाहेरच्यांची. पुढे अडिया हार्वे विंगफिल्ड यांनी २००९ मध्ये दाखवलं की कृष्णवर्णीय पुरुष नर्सना हा जिना मिळत नाही, त्यांना पेशंट बहुधा सफाईवाला समजतात.

अमेरिकेतला इतिहासही गमतीचा आहे. १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात खास पुरुषांसाठी नर्सिंगची शाळा निघाली होती, मिल्स स्कूल. तरी सैन्याच्या नर्सिंग दलात पुरुषाला कमिशन मिळायला १९५५ उजाडलं. मिसिसिपीतल्या एका सरकारी महिला विद्यापीठाने जो होगन नावाच्या माणसाला नर्सिंगला प्रवेश नाकारला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८२ मध्ये जिंकला. निकाल लिहिला सँड्रा डे ओकॉनर यांनी, म्हणजे त्या न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीशांनी. फक्त बायकांना घेतल्यामुळे नर्सिंग हे बायकांचंच काम हा समज पक्का होतो, असा त्यांचा मुद्दा होता. सिस्टर वर जे म्हणाल्या तेच, कायद्याच्या भाषेत.

तिथल्या जनगणना खात्याच्या आकड्यांनुसार १९७० मध्ये नोंदणीकृत नर्सेसमध्ये पुरुष २.७ टक्के होते, २०११ मध्ये ९.६ टक्के. ‘मीट द पेरेंट्स’ आला तेव्हा बऱ्याच प्रेक्षकांनी पुरुष नर्स प्रत्यक्ष पाहिलेलाच नसणार.

पाणीपुरी_डबल

आपल्याकडे तर पुरुष नर्स पडद्यावर आणायचा म्हणजे त्याला बाईच करून आणतात. कपिल शर्माच्या कार्यक्रमात डॉक्टर मशहूर गुलाटीकडे दोन नर्सा होत्या. एक लॉटरी, सुंदर मुलगी. दुसरी बंपर, म्हणजे बायकी कपड्यांतला किकू शारदा. आख्खा देश जेवताना बघत होता. बाकी हिंदी-मराठी सिनेमात हॉस्पिटलात पुरुष म्हणजे डॉक्टर, वॉर्डबॉय किंवा इंजेक्शन घेऊन मागे धावणारा कंपाउंडर. मधलं काही नाहीच.

बर्मिंगहॅमकर

इंग्लंडातून एक चांगलं उदाहरण. बीबीसीची ‘कॅज्युअल्टी’ ही मालिका सप्टेंबर १९८६ पासून चालू आहे, आणि पहिल्या भागापासूनचा तिचा कणा म्हणजे चार्ली फेअरहेड हा चार्ज नर्स. डेरेक थॉम्पसन या नटाने तो २०२४ पर्यंत केला. पीट सॉल्ट नावाच्या खऱ्याखुऱ्या नर्सवरून हे पात्र बेतलं होतं. चार्ली हुकलेला डॉक्टर नाही, नाजूक नाही, गुंड नाही. अपघात विभाग चालवणारा माणूस आहे, शिकाऊ डॉक्टर घाबरले की त्याच्याकडे बघतात. इथल्या कित्येक घरांत शनिवारी रात्री चार्ली हा ठरलेला पाहुणा होता. मी इथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, नर्स आहे, मला ‘म्हणजे मग डॉक्टर का नाही झालास’ हा प्रश्न इथल्या गोऱ्या म्हाताऱ्यांपेक्षा आपल्या मंडळाच्या गणपतीत जास्त वेळा आलाय.

इथलेही पूर्वीचे लोक काही संत नव्हते बरं का. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने पुरुषांना सभासद करून घेतलं ते १९६० मध्ये.

आणि एप्रिल २०२०. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन कोविड होऊन लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात आयसीयूत होते. घरी आल्यावर त्यांनी दोन नर्सेसचे नाव घेऊन आभार मानले, न्यूझीलंडची जेनी आणि पोर्तुगालचा लुईस. एका दमात दोघं. हे तेच हॉस्पिटल जिथे १८६० मध्ये नाइटिंगेलबाईंची शाळा सुरू झाली, अर्थात फक्त मुलींसाठी.

शास्त्रीबुवा

नाइटिंगेलपर्यंत कशाला जाता? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुण असे: “उपचारज्ञता दाक्ष्यमनुरागश्च भर्तरि। शौचं चेति चतुष्कोऽयं गुणः परिचरे जने॥” शुश्रूषेचे ज्ञान, कामातली तत्परता, रुग्णाविषयी जिव्हाळा आणि स्वच्छता. शब्द पुल्लिंगी आहे याची नोंद घ्यावी.

खडूस

झालं! आलं चरकसंहिता. आता पुढच्या प्रतिसादात पुष्पक विमानात आयसीयू होतं का यावर चर्चा.

रात्रपाळी

@शास्त्रीबुवा, श्लोक आवडला. आमच्या इंडक्शनला याच्यापेक्षा लांबलचक पीपीटी असते आणि त्यात एवढंही नसतं.

नाईलाज

चौथ्या साच्याबद्दल बोला की. ‘द गुड नर्स’ (२०२२) बघून आमच्या सासूबाईंनी ऑपरेशनच्या वेळी ब्रदरला खोलीत येऊ दिलं नव्हतं. पण ती गोष्ट तर खरी घडलेली आहे ना? मग ती दाखवायचीच नाही का?

रात्रपाळी

@नाईलाज, दाखवायची, जरूर दाखवायची. त्यातला खुनी नर्स चार्ल्स कलन खरा आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात १६ वर्षं नोकऱ्या बदलत हिंडला, डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) आणि इन्शुलिनने पेशंट मारले, २९ खुनांची कबुली कोर्टात दिली. डिसेंबर २००३ मध्ये पकडला गेला. पण त्या सिनेमात माझ्या दृष्टीने भयानक काय असेल तर हॉस्पिटलं. संशय आला की हळूच नोकरीवरून काढायचं, पोलिसांना कळवायचं नाही, म्हणजे बला पुढच्या हॉस्पिटलात. आणि त्याला पकडून कोणी दिलं? एमी लॉफ्रेन, त्याच्याच पाळीची नर्स. औषधांच्या मशिनमधल्या नोंदी बघून तिच्या लक्षात आलं की हा औषधं मागवतो आणि मागणी रद्द करतो, पण ड्रॉवर तेवढ्यात उघडलेला असतो. असली नोंद वाचून दाल में काला ओळखणं हेच नर्सिंग आहे. सिनेमाने ते दाखवलंय, सासूबाईंना फक्त कलन झालेल्या एडी रेडमेनचे डोळे लक्षात राहिले.

जर्मनीचा नर्स नील्स ह्योगेल पुरुष होता, २०१९ मध्ये ८५ खुनांसाठी दोषी ठरला. इंग्लंडची बेव्हर्ली ॲलिट बाई होती, लहान मुलांच्या वॉर्डात होती, १९९३ मध्ये जन्मठेप झाली. ॲलिटनंतर सगळ्या सिस्टरांकडे कोणी संशयाने बघितलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

(सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं ना?)

नाईलाज

झालं. शेवटी उचलून बेडवर ठेवायला ब्रदरलाच बोलावलं, तेव्हा त्यांची हरकत नव्हती.

इन्चार्ज_सिस्टर

हाहा. हे नेहमीचं. जड पेशंट, दारू पिऊन आलेला, नातेवाइकांची मारामारी: “ब्रदरला बोलवा.” तो पहिलवानाचा साचा सिनेमावाल्यांनी हवेतून आणलेला नाही, आम्हीही त्याला हातभार लावतो.

मीनाक्षी_ठाणे

एक मल्याळम सिनेमा सुचवते, ‘ञान प्रकाशन’ (२०१८), फहाद फासिलचा. आमच्या शेजारच्या मल्याळी काकूंनी आग्रहाने दाखवला. नायक प्रकाशन बी.एस्सी. नर्सिंग शिकलेला, पण त्याला ते काम कमीपणाचं वाटतं. नाव साधं वाटतं म्हणून स्वतःला पी. आर. आकाश म्हणवतो. दुसऱ्याच्या लग्नात मिरवतो, फुकटात परदेशी जायची स्वप्नं बघतो. जुनी मैत्रीण नर्स म्हणून जर्मनीला निघाली म्हटल्यावर तिच्याशी लग्न करून आपणही सटकायचा बेत आखतो, आणि तीच ह्याला चांगली टोपी घालून जाते. शेवटी एका श्रीमंत घरातल्या आजारी मुलीसाठी होम नर्स म्हणून राहायची वेळ येते, आणि तिथे हा माणूस पहिल्यांदा कामाला लागतो.

मला आवडलं ते असं की सिनेमात त्याच्या पुरुषपणावर एकही विनोद नाही. हसायचं आहे ते त्याच्या आळसाला आणि बडेजावाला. नर्सिंगची लाज आजूबाजूच्या कुणाला नाही, त्याला एकट्याला आहे. केरळातच हे लिहिलं जाऊ शकतं, कारण तिथे घरटी कुणीतरी नर्स आहे आणि त्या पगारावर घरं उभी राहिलेली सगळ्यांनी पाहिलीत. तिथे प्रेक्षकाला ‘पुरुष नर्स असतो’ हे समजावून सांगावं लागत नाही, म्हणून लेखक थेट माणसाकडे वळू शकतो.

एकच खटकलं. आजारी मुलगी मरणाला टेकल्याशिवाय नायकाला नर्सिंगची किंमत कळत नाही. जनरल वॉर्डात चाळीस पेशंटांना सकाळची इंजेक्शनं देऊन कुणाचं हृदयपरिवर्तन होत नाही वाटतं.

रात्रपाळी

@मीनाक्षी_ठाणे, शेवटचं वाक्य फ्रेम करून आमच्या नर्सिंग स्टेशनला लावतो.

लाज स्वतःच्याच मनात असते हे अगदी खरं. आमच्या बॅचची पोरं स्थळाच्या बायोडेटात काय लिहितात बघा. ‘मेडिकल लाईन’. ‘हेल्थकेअर’. एकाने ‘क्रिटिकल केअर एक्झिक्युटिव्ह’ लिहिलं होतं, मुलीकडच्यांना वाटलं विमा विकतो.

विदर्भवीर

भाऊ, राजस्थानच्या पोरांना बघा. तिकडे सरकारी भरतीसाठी पोरं वर्षानुवर्षं अभ्यास करतात, गावात नर्सला कंपाउंडरसाहेब म्हणतात आणि मान देतात. आपल्या इथल्या मोठ्या हॉस्पिटलांत अर्धे ब्रदर तिकडचेच दिसतात मला.

पण सरकारनेही साचे केलेलेच आहेत ना. एम्सने २०१९ मध्ये नर्सिंग ऑफिसरच्या ८० टक्के जागा बायकांना ठेवल्या, पुरुषांना २०. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस तर १९४३ च्या अध्यादेशाने फक्त बायकांची ठेवली. एएनएमला (गावपातळीवरच्या नर्स-दाईच्या कोर्सला) मुलाला प्रवेशच नाही. सिनेमावाल्यांना काय बोलायचं मग?

इन्चार्ज_सिस्टर

@विदर्भवीर, एम्सच्या ८०-२० वर तुमचा राग समजतो, पण रुग्णांत बायकाही खूप असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणी ब्रदरकडून ड्रेसिंगसुद्धा करून घेत नाहीत. प्रसूती कक्ष कुणी चालवायचा? ८० बरोबर की ६०, यावर वाद घाला. पण काहीच कारण नाही असं म्हणू नका.

अबोली_म

इथे एक रुग्ण म्हणून लिहिते. माझ्या शस्त्रक्रियेनंतर रात्री कॅथेटर (लघवीची नळी) काढायला ब्रदर आले. मला नको होतं. मी साचेबद्ध विचार करणारी ठरते का?

रात्रपाळी

@अबोली_म, अजिबात नाही. तुमचं शरीर, तुमची मर्जी. नियम साधा आहे: आधी विचारायचं, नको म्हटलं तर सिस्टरला पाठवायचं, सिस्टर मोकळी नसेल तर किती वेळ लागेल ते खरं सांगायचं, आणि इमर्जन्सी असेल तर एक बाई कर्मचारी खोलीत हवीच. त्या ब्रदरने आधी विचारलं नसेल तर चूक त्याची.

मला बोचतं ते दुसरंच. पुरुष पेशंटला सिस्टरकडून कॅथेटर चालेल का, हे कोणी विचारतं का? वीस-बावीस वर्षांची पोरं लाजून अर्धमेली होतात. त्यांनाही विचारायला पाहिजे. पडद्यावर मात्र हा प्रसंग आला की तो विनोदच असतो, मग पेशंट बाई असो की पुरुष.

खडूस

बरं, मान्य करतो की धागा वाचनीय झालाय. पण तुम्हाला हवंय तरी काय? पुरुष नर्स सुपरहिरो दाखवायचा का? मग तेही बोअर होईल.

रात्रपाळी

@खडूस, सुपरहिरो नको. ‘मॅग्नोलिया’ (१९९९) बघा. फिलिप सेमूर हॉफमनचा फिल पार्मा हा घरी ठेवलेला नर्स, मरणाला टेकलेल्या श्रीमंत म्हाताऱ्याजवळ. त्याची सगळी कथा काय, तर म्हाताऱ्याची शेवटची इच्छा म्हणून दुरावलेल्या मुलाचा पत्ता लावणे. त्यासाठी तो दुकानातून कसली कसली मासिकं मागवतो, कारण मुलाची जाहिरात त्यात असते, आणि फोनवर तासन्तास एकेका माणसाची विनवणी करत बसतो. मुलगा म्हणजे टॉम क्रूझ. पण मला लक्षात राहतो तो फोन कानाला लावून बसलेला नर्स. नातेवाइकांना गाठण्यासाठी केलेले असे फोन आम्हीही करतो, कधी कधी रात्री दोनला.

अलीकडची ‘द पिट’ (२०२५) ही हॉस्पिटलवरची मालिका पण चांगली आहे. त्यात जेसी नावाचा नर्स आहे, तो नट नेड ब्राउअर प्रत्यक्षातही नोंदणीकृत नर्स आहे. त्याच्या हातांकडे बघा. सलाईनचा सेट कसा सोडवतो, गर्दीत कुठे उभा राहतो. कोणी त्याच्यावर भाषण देत नाही, विनोद करत नाही. तो तिथे आहे, बस.

आणि मला स्वतःला लिहायला सांगितलं तर हा प्रसंग लिहीन. पहाटेची वेळ, नवीन रेसिडेंट डॉक्टर छत्तीस तास जागा. पेशंटचं पोटॅशियम कमी आलंय. तो घाईत सांगतो, केसीएल द्या लगेच. नर्सच्या हातात ॲम्प्यूल आहे. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेतून ढकललं तर हृदय थांबतं, हे दोघांनाही माहीत आहे, पण एकाचे डोळे मिटताहेत. नर्स म्हणतो, “सर, शंभर मिली एनएस सलाईनमध्ये, पंपावर, एका तासात सोडतो. ऑर्डर तशी लिहून द्या.” डॉक्टर क्षणभर बघतो, लिहून देतो. संपलं. पेशंटला कळत नाही, नातेवाइकांना कळत नाही. इथे नर्स बाई असो की पुरुष, काही फरक पडत नाही, आणि सिनेमात हा प्रसंग मी अजून पाहिलेला नाही.

बर्मिंगहॅमकर

दंडवत. पार्श्वसंगीत देऊ नका फक्त. मॉनिटरचा आवाज पुरे.

चौकस

@रात्रपाळी, हा प्रसंग वेगळा वाढवून लिहा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

आत्याबाई_सातारा

सगळे प्रतिसाद वाचले. एक अवांतर विचारते. माझा भाचा बारावी सायन्स झालाय, बी.एस्सी. नर्सिंग म्हणतोय. घरात सगळे नको म्हणतायत, बी.फार्म कर म्हणतायत. काय सांगू?

रात्रपाळी

@आत्याबाई_सातारा, त्याला खरंच करायचं असेल तर करू द्या, पण कॉलेज बघून. राज्याची नर्सिंग सीईटी असते ती द्यायला लावा. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का बघा, आणि स्वतःचं चालू हॉस्पिटल आहे का ते प्रत्यक्ष जाऊन बघा. काही ठिकाणी इमारत चकाचक असते आणि बेडवर पेशंटच नसतात, तिथे मुलं चार वर्षं पुतळ्यावर इंजेक्शन शिकतात. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून स्टायपेंड मिळतो का आणि रात्रपाळ्या किती लावतात हे विचारा, ऑफिसात विचारू नका. एम्सची परीक्षा द्यायची तर पुरुषांच्या जागा कमी हे डोक्यात ठेवून तयारी. जर्मनीचा विचार असेल तर भाषा दुसऱ्या वर्षापासूनच सुरू करावी, तिथे साधारण बी-२ पातळीपर्यंत जर्मन लागते आणि ती शेवटच्या सहा महिन्यांत होत नाही. आणि घरच्यांना एकदा त्याला एखाद्या ओळखीच्या वॉर्डात दिवसभर बसवून आणायला सांगा. वासाने त्याला गरगरलं तर बी.फार्म चांगलंच आहे. व्यक्तिगत निरोप करा, साताऱ्याजवळच्या दोन कॉलेजांत माझे मित्र शिकवतात.